कॅनडा पीआर: फाईल गेल्यावर चूक सापडली आणि स्टेटस हलेना, तेव्हा काय करायचं?

विचारणाऱ्यांची परिस्थिती अशी आहे. पीआरसाठी, म्हणजे कॅनडातल्या कायमच्या वास्तव्यासाठी, एक्सप्रेस एन्ट्रीतून (गुणांवर निवड करणारी ऑनलाइन पद्धत), फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या प्रकाराखाली, भारतातून अर्ज केला आणि फाईल जाऊन चार महिने झाले. आता सबमिट केलेली प्रत पुन्हा चाळताना तीन गोष्टी दिसल्या. पहिल्या नोकरीची शेवटची तारीख एक महिना पुढची पडली आहे. आईच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे आहे. आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला होता, तरी त्या प्रश्नासमोर ‘नाही’ गेलं आहे. मधल्या काळात पत्नीला दिवस गेले आहेत. पोर्टलवरून दोनदा ‘तुमच्या अर्जात बदल झाला आहे’ असा ईमेल आला, पण आत जाऊन पाहावं तर सगळं जैसे थे. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय, गप्प बसा, कळवलं की फाईल बाजूला पडते.

माझं काम याच फायलींचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही ज्या क्रमाने यादी दिली आहे तो क्रम आधी बदलू या, कारण तुम्हाला ज्याची सर्वांत कमी काळजी वाटतेय तेच सर्वांत गंभीर आहे: अमेरिकेचा व्हिसा.

फॉर्ममधला प्रश्न असा आहे की तुम्हाला कॅनडा किंवा इतर कोणत्याही देशाने कधी व्हिसा किंवा परमिट नाकारला आहे का, प्रवेश नाकारला आहे का, किंवा देश सोडून जायला सांगितलं आहे का. बरेच जण घाईत ‘कॅनडा’ एवढंच वाचतात आणि ‘नाही’ टिक करून पुढे जातात. काहींना वाटतं, टुरिस्ट व्हिसाच तर होता, दहा वर्षांपूर्वीचा, त्याचा पीआरशी काय संबंध? खरंच, त्या नकाराचा तुमच्या पात्रतेशी काहीही संबंध नाही. अमेरिकेच्या वकिलातीने परत याल असं वाटत नाही म्हणून (त्यांच्या कलम २१४(बी) खाली) नाकारलेला व्हिसा कॅनडाच्या पीआरला आड येत नाही, आणि तसे नकार पासपोर्टवर असलेल्या कितीतरी लोकांना पीआर मिळते. आड येतं ते ‘नाही’ हे उत्तर.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम १६ सांगतं की विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देणं अर्जदारावर बंधनकारक आहे. कलम ४० सांगतं की महत्त्वाची वस्तुस्थिती चुकीची सांगणं किंवा दडवणं, ज्यामुळे निर्णयात चूक होते किंवा होऊ शकते, हे मिसरिप्रेझेंटेशन. त्यातल्या ‘होऊ शकते’ या शब्दांकडे नीट बघा. प्रत्यक्ष चूक व्हावी लागत नाही, तुमचा हेतू वाईट होता हेही सिद्ध व्हावं लागत नाही. शिक्षा पाच वर्षांची बंदी, आणि त्या काळात पीआरसाठी पुन्हा अर्जही करता येत नाही. २०१४ पर्यंत ही मुदत दोन वर्षांची होती. ‘मला खरंच माहीत नव्हतं’ हा बचाव फेडरल कोर्टाने मान्य केलेला आहे, पण इतका अरुंद की स्वतःचा नाकारलेला व्हिसा विसरलो म्हणणारा माणूस त्यातून सहसा जात नाही. आणि कॅनडा व अमेरिका यांच्यात व्हिसाविषयक माहितीची देवाणघेवाण चालते, त्यामुळे हे त्यांना कळेल का, असा विचार करत बसू नका. कळणार आहे असंच धरून चाला.

आता ‘गप्प बसा’ या सल्ल्याकडे येतो. त्यात अर्धं तथ्य आहे. दुरुस्तीचं पत्र आलं की कुणीतरी ते फाईलला जोडतं, कुणीतरी वाचतं, आणि त्यात थोडे दिवस जाऊ शकतात. पण तुमच्या बाजूने बोलेल अशी एकच गोष्ट तुमच्या हातात आहे: दुरुस्ती नोंदीत कोणत्या तारखेला आली. ऑफिसरने काही विचारण्याआधी तुम्ही स्वतःहून कळवलंत, तर पुढे कोणीही फाईल वाचली तरी त्याला दिसतं की माणसाने चूक पाहिली आणि सांगितली. हीच माहिती ऑफिसरच्या प्रोसीजरल फेअरनेस लेटरनंतर (शंका कळवून खुलासा मागणाऱ्या पत्रानंतर) दिलीत, तर तीच वाक्यं सापडल्यानंतरचा खुलासा म्हणून वाचली जातात. तेव्हा हे पत्र या आठवड्यात जाऊ दे, बाळाच्या बातमीची किंवा इतर कागदांची वाट पाहू नका.

अमेरिकेचा व्हिसा कलम २२१(जी) खाली (कागद किंवा तपासणी बाकी म्हणून) अडकवला गेला होता आणि पुढे काहीच झालं नाही, असाही एक प्रकार असतो. लोक म्हणतात तो नकार नव्हताच, नुसती चिठ्ठी मिळाली होती. मी तोही ‘होय’ म्हणून लिहायला लावतो आणि खाली दोन ओळींत काय झालं ते सांगायला लावतो. जास्त सांगितल्याने कोणाची फाईल बिघडलेली मला माहीत नाही.

नोकरीची तारीख. इथे आधी पत्र लिहायचं नाही, आधी गणित करायचं. एक्सप्रेस एन्ट्रीत कलम ११.२ असं आहे की इन्व्हिटेशन (अर्ज करण्याचं निमंत्रण) मिळालं त्या दिवशी आणि अर्ज पोहोचला त्या दिवशीही तुम्ही प्रोफाईलमध्ये सांगितलेल्या पात्रतेत आणि गुणांत बसलं पाहिजे. म्हणजे प्रश्न ‘एक महिना चुकला’ एवढाच नाही. तो महिना काढून टाकल्यावर तुमचे सीआरएस गुण (एक्सप्रेस एन्ट्रीतले क्रमवारीचे गुण) किती उरतात आणि तुम्हाला निमंत्रण मिळालं त्या ड्रॉच्या, म्हणजे निवडफेरीच्या, कटऑफच्या वर राहतात का, हा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा काहीच बदलत नाही. समजा एकूण अनुभव सहा वर्षांचा आहे, तर एका महिन्याने काय होणार? पण काही उंबरठे असे आहेत की तिथे एक महिना फार महाग पडतो. परदेशातला अनुभव तीन वर्षं किंवा जास्त आणि भाषेत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मापनातली नववी पातळी) असेल, तर त्या जोडीचे ५० गुण मिळतात. तोच अनुभव तीन वर्षांना एक महिना कमी भरला, तर २५. एका महिन्याने पंचवीस गुण गेले, आणि कटऑफच्या वर तुम्ही दहाच गुणांनी होतात, तर ती टायपिंगची चूक राहत नाही, अर्जाचा पायाच जातो. फेडरल स्किल्ड वर्करला सलग एक वर्षाचा अनुभव आणि शंभरपैकी ६७ गुण लागतात, तेही पुन्हा मोजून बघा.

म्हणून रेफरन्स लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटची पे-स्लिप आणि फॉर्म सोळा समोर घेऊन बसा. खरी तारीख कोणती ते कागदावरून ठरवा, आठवणीवरून नाही. आपल्याकडे घोटाळा होतो तो नोटीस पिरियडमुळे: राजीनामा एका महिन्यात, शेवटचा कामाचा दिवस दुसऱ्यात, फुल अँड फायनल तिसऱ्यात, आणि कंपनीच्या पत्रावर यापैकी कोणतीही एक तारीख. पीआरसाठी धरायची ती पगारी कामाची शेवटची तारीख. गुण तसेच राहत असतील तर पत्रात सरळ लिहा की दुरुस्त तारखेने पात्रतेत व गुणांत फरक पडत नाही, आणि हिशेबाचा तक्ता जोडा. ऑफिसरला स्वतः बेरीज करायला लावू नका. गुण कटऑफच्या खाली जात असतील, तर पत्र पाठवण्याआधी परवानाधारक सल्लागाराशी किंवा वकिलाशी बोला, कारण तिथे अर्ज मागे घेऊन नव्या प्रोफाईलने येणं हाही एक रास्त मार्ग असू शकतो आणि तो फाईल बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

त्या महिन्याच्या जागी आता जी मोकळी जागा पडेल, तीही भरा. दहा वर्षांच्या पर्सनल हिस्ट्रीत एकही महिना रिकामा चालत नाही. नोकरी शोधत होतो, गावी होतो, आईच्या आजारपणात घरी होतो, काहीही असो, ते लिहायचं. रिकाम्या महिन्यापेक्षा ‘बेरोजगार’ हा शब्द कितीतरी निरुपद्रवी आहे.

आता आईच्या नावाचं स्पेलिंग. या चुकीने झोप उडवून घेऊ नका. आपल्या नावांचा घोळ तिथल्या ऑफिसरना नवा नाही, पण तो आपण समजावून द्यावा लागतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जाऊन बसलेलं. लग्नानंतर आईचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि जुन्या पिढीत तर पहिलं नावही बदललेलं असतं. माहेरचं एक नाव आणि सासरचं दुसरं, म्हणजे कागदावर जणू दोन बायका. शिवाय ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘क्ष’ कसा लिहायचा, शेवटी ए किती, हे ज्याच्या हातात फॉर्म असेल त्याच्या मर्जीवर.

तुमच्या बाबतीत फक्त स्पेलिंग वेगळं असेल तर त्याच पत्रात एक ओळ पुरे: अमुक आणि अमुक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, बरोबर स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अमुक. आईचा पासपोर्ट नसेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्राची प्रत. मूळ नावच वेगळं असेल तर ‘वन अँड द सेम पर्सन’चं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. राजपत्रात नावबदल झालेला असेल तर राजपत्राचं ते पान. प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्याने करून पाठवणारे लोक मी बघतो. एकाच मुद्द्यावर तीन प्रतिज्ञापत्रं आली की वाचणाऱ्याला नसलेली शंका यायला लागते.

हे सगळं आईच्या नावाबद्दल. तुमच्या स्वतःच्या नावात, जन्मतारखेत किंवा पासपोर्ट नंबरात चूक असेल, तर ती दुरुस्ती पत्राच्या पहिल्या ओळीत जाते, कारण पोलीस क्लिअरन्स, मेडिकल आणि बायोमेट्रिक्स त्या नावाला जोडलेले असतात.

आता बाळ. या विषयावर मी जरा कडक बोलतो, कारण इथली चूक पुढे कुठल्याही पत्राने निस्तरत नाही. पीआर मिळण्याच्या क्षणापर्यंत तुमच्या कुटुंबात जे कोणी येईल, ते जाहीर करणं आणि त्यांची तपासणी होणं बंधनकारक आहे, ते तुमच्यासोबत येणार असोत वा नसोत. समजा बाळ जन्मलं, तुम्ही कळवलं नाही, ठरल्या तारखेला एकटे लँडिंग करून (कॅनडात उतरून पीआर पक्की करून) आलात आणि ठरवलंत की नंतर स्पॉन्सर करू. कॅनडाच्या नियमावलीतला ११७(९)(ड) हा नियम म्हणतो की पीआर होताना जी व्यक्ती जाहीर केलेली नव्हती आणि त्यामुळे तपासली गेली नाही, ती पुढे तुमच्या फॅमिली क्लासमध्ये (स्पॉन्सर करता येणाऱ्या कुटुंबीयांत) बसतच नाही. स्वतःचं मूल असलं तरी. सरकारने २०१९ मध्ये काही ठरावीक गटांसाठी सवलत आणली, पण तिच्यावर विसंबून कोणी योजना आखू नये.

व्यवहारात असं करा. गरोदरपण आत्ताच कळवा, डॉक्टरांच्या पत्रासह, अपेक्षित तारीख लिहून. मेडिकलमधला छातीचा एक्स-रे बाकी असेल तर पॅनेल डॉक्टरांना (कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांना) गरोदरपण सांगा, तो बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलता येतो. बाळ झालं की लगेच, म्हणजे बारशाचीही वाट न पाहता, जन्माची बातमी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मने द्या. नाव ठरलेलं नसेल तर तसं लिहा. मग महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला नावासकट, बाळाचा पासपोर्ट, फी आणि बाळाचं मेडिकल, जसं मागवतील तसं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. कुटुंबातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, काका इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

आणि बाळंतपणाच्या आसपासच कन्फर्मेशन ऑफ पीआर (पीआर मंजूर झाल्याचा कागद) हातात पडलं तर? तर विमानात बसू नका, आधी कळवा. तिकीट वाया जाईल, जाऊ दे. बाळाला जोडून घेतल्यावर कागदपत्रं नव्याने निघतात.

तर पत्र. एकच पत्र, एकाच वेबफॉर्मने, या तिन्ही दुरुस्त्या आणि गरोदरपणाची माहिती मिळून. वेबफॉर्ममध्ये अर्ज क्रमांक, यूसीआय (खात्याने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक), नाव आणि जन्मतारीख अर्जात आहे तशीच्या तशी टाका, नाहीतर पत्र फाईलशी जोडलंच जात नाही. (अर्जातलं नाव चुकलेलं असलं तरी तिथे अर्जातलंच टाकायचं, बरोबर नाव पत्रात.) पत्र इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

‘विषय: अर्ज क्रमांक अमुक, सादर केलेल्या माहितीत दुरुस्ती. मी वरील अर्जाचा मुख्य अर्जदार. अर्ज अमुक तारखेला सादर केला. अमुक तारखेला प्रत तपासताना खालील चुका लक्षात आल्या. पहिली: व्हिसा नाकारण्याविषयीचा प्रश्न. दिलेलं उत्तर: नाही. बरोबर उत्तर: होय. मार्च २०१६ मध्ये मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत बी१/बी२ व्हिसासाठी केलेला अर्ज कलम २१४(बी) खाली नाकारण्यात आला. चूक होण्याचं कारण: प्रश्न फक्त कॅनडाच्या व्हिसाबद्दल आहे असा माझा समज झाला. दुसरी: ...’

बस, एवढंच. प्रत्येक चुकीला चार गोष्टी: कुठे, काय लिहिलं होतं, बरोबर काय, कशामुळे. कारण जे खरं आहे तेच. वरच्या नमुन्यातलं कारण तुमचं नसेल तर ते उतरवून काढू नका. ‘एजंटने भरलं’ हे खरं असलं तरी ते कारण तुम्हाला वाचवत नाही, कारण फॉर्मवर घोषणा तुमची असते. मात्र एजंटने पैसे घेऊन भरलं आणि प्रतिनिधीचा फॉर्म, आयएमएम ५४७६, लावलाच नाही, तर तोही वेगळा दोष आहे आणि तोही पत्रात सांगावा लागेल. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडाच्या इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स कॉलेजचा (सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेचा) सदस्य, कॅनडातला वकील किंवा क्युबेकचा नोटरी असायला हवा. कॉलेजची यादी ऑनलाइन उघडी आहे, नाव टाकून बघायला एक मिनिट लागतं.

माफीची चार वाक्यं, कॅनडावरचं प्रेम, आईवडिलांचे संस्कार, हे काहीही नको. पत्राची आणि वेबफॉर्मच्या पोचपावतीची पीडीएफ करून ठेवा. पुढे कधी प्रश्न आला तर पुरावा तोच. आणि उत्तर आलं नाही म्हणून दर आठवड्याला तेच पत्र पुन्हा पाठवू नका. प्रत्येक पत्र हाताळायला कुणाला तरी वेळ घालवावा लागतो, आणि तो वेळ तुमच्याच फायलीतून जातो.

नोकरी बदलली, पत्ता बदलला, नवा पासपोर्ट आला, हे बदलही याच मार्गाने, त्या त्या वेळी, छोट्या पत्राने.

आता स्टेटस. तुम्ही दिवसातून किती वेळा लॉगिन करता ते विचारत नाही. पण तो स्क्रीन नेमकं काय सांगतो ते समजून घ्या. तिथे पात्रता, मेडिकल, बायोमेट्रिक्स, बॅकग्राउंड चेक अशी मथळ्यांची रांग असते आणि प्रत्येकाखाली एक साचेबद्ध वाक्य. ते वाक्य ऑफिसर लिहीत नाही, सिस्टीम लिहिते. ‘तुमची पात्रता तपासत आहोत’ याचा अर्थ कुणीतरी या क्षणी तुमचं रेफरन्स लेटर वाचतंय असा नाही. फाईल रांगेत पडून असतानाही ते वाक्य तसंच असू शकतं.

दोनदा आलेला तो ईमेल, ज्याला अर्जदारांच्या भाषेत ‘घोस्ट अपडेट’ म्हणतात, तोही असाच. फायलीत काहीतरी हललं, एखादा निकाल जोडला गेला, फाईल एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेली, आणि तुम्हाला दिसणाऱ्या वाक्यात फरक पडला नाही. त्यावरून चांगलं किंवा वाईट काहीही ठरत नाही. त्यावर लोकांनी बांधलेले तर्क मी वाचतो, ‘दुसऱ्या घोस्टनंतर तीन आठवड्यांत पीआर’ वगैरे. कुंडली मांडण्याइतकाच त्याला आधार आहे. फक्त एक करा: ईमेल आला की मेसेजेसचा भाग मात्र नक्की उघडा आणि ईमेलचं स्पॅमही बघा. कागद मागवणारं पत्र तिथेच येतं, त्याला मुदत असते, आणि मुदत चुकली तर अर्ज हातातल्या कागदांवर ठरवला जातो. मुदत पुरणार नाही असं दिसलं तर ती संपायच्या आत, कारण आणि पुरावा देऊन, वाढवून मागा.

खातं एक सांगतं आणि वेगळा स्टेटस ट्रॅकर दुसरंच सांगतो, अशीही तक्रार असते. दोन्ही एकाच वेळी अद्ययावत होत नाहीत. त्यात गूढ काही नाही.

खरी स्थिती हवी असेल तर जीसीएमएस नोट्स मागवा. ही आयआरसीसीची, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची, अंतर्गत नोंदवही, ऑफिसरने टाईप केलेल्या ओळींसकट. २०२२ च्या जुलैपासून कॅनडाबाहेरच्या परदेशी व्यक्तीलाही प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली स्वतःची माहिती थेट मागता येते, आणि त्याला फी नाही. त्याआधी कॅनडातल्या कुणाच्या तरी मार्फत पाच डॉलर भरून मागवावी लागायची, आणि त्यावर दुकानं चालायची. अजूनही चालतात. उत्तराची कायदेशीर मुदत तीस दिवसांची आहे, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात.

नोट्स हातात आल्या की शेवटापर्यंत धडधडत्या छातीने वाचत सुटू नका. आधी पात्रतेच्या ओळीत काय आहे ते बघा: ‘पास्ड’, ‘रिकमेंडेड पास्ड’ की ‘रिव्ह्यू रिक्वायर्ड’. शेवटचा शब्द दिसला तर त्याखालच्या टिपणात नेमकी शंका सापडते: पत्रात कामाचे तास नाहीत, पगाराचा पुरावा कमी, नोकरीची कर्तव्यं एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातल्या क्रमांकाशी) जुळत नाहीत. मग गुन्हेगारी, माहितीची देवाणघेवाण आणि सिक्युरिटी यांच्या ओळी. सिक्युरिटी सुरू झालेली असेल तर ती दुसऱ्या संस्थांच्या हातात असते आणि तिथे आपलं पत्र काही करू शकत नाही. नोट्समध्ये कार्यालय ‘सिडनी’ दिसलं म्हणून फाईल ऑस्ट्रेलियाला गेली असं समजून घाबरलेले लोकही भेटतात. ती सिडनी नोव्हा स्कोशियातली. आणि तुमचं दुरुस्तीचं पत्र जोडलं गेलंय का, हे खात्रीने दिसतं ते इथेच. त्यासाठीच मी पत्र गेल्यावर महिन्याभराने नोट्स मागवायला सांगतो, आधी नाही.

उशिराबद्दल: एक्सप्रेस एन्ट्रीचं आयआरसीसीचं उद्दिष्ट ८० टक्के फायली सहा महिन्यांत संपवण्याचं आहे. चार महिन्यांना उशीर म्हणत नाहीत. प्रत्यक्ष प्रक्रियेचा चालू कालावधी त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तो उलटून गेल्यावर वेबफॉर्मने एक विचारणा करा. कॅनडात राहणारा नातेवाईक तुमच्या लेखी संमतीने त्याच्या खासदाराच्या कार्यालयातून चौकशी करू शकतो, पण ते कार्यालय निर्णय बदलत नाही, फार तर फाईल कुठे आहे ते सांगतं. कारण नसताना फार काळ अडकलेल्या फायलीसाठी फेडरल कोर्टात मॅन्डेमस, म्हणजे खात्याने निर्णय घ्यावा असा आदेश मागणारा अर्ज, असतो. ते वकिलाचं काम, आमच्यासारख्या सल्लागारांना त्या कोर्टात उभं राहता येत नाही. अर्ज नाकारलाच गेला तर कोर्टात जायची मुदत कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयासाठी साठ दिवस आहे आणि कॅनडातल्या निर्णयासाठी फक्त पंधरा. निर्णय कुठे झाला ते पत्रावर बघा आणि तिथून दिवस मोजा.

मंजुरीनंतरही कागद वाचायचे असतात, आणि तिथे लोक आनंदात वाचत नाहीत. कन्फर्मेशन ऑफ पीआरवरचं नाव, जन्मतारीख, जन्मदेश, वैवाहिक स्थिती पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा, आणि ते लँडिंगआधी. तेव्हा सापडलेली चूक कार्यालयाला कळवून सुधारून घेणं सोपं असतं. लँडिंगनंतर सापडली तर दुरुस्तीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्यासोबत तुमची बाजू बरोबर असल्याचे कागद द्यावे लागतात, आणि त्यात पुन्हा वाट पाहणं आलंच.

पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता आणि फोटो लँडिंगपासून १८० दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी. नातेवाइकाचा पत्ता देणार असाल तर तो मधल्या काळात घर बदलणार नाही ना, हे त्याला आधी विचारून घ्या.